जुन्या हेलिओसचा चिकटपणा काढताना

हेलिओस ४४-२ ही जुनी सोव्हिएत कॅमेरा लेन्स हातात आली की आधी बघा, चिकट काय आहे. बोट उचलताना तार सुटली तर तो लेबलचा किंवा सेलोटेपचा गम. बोट नुसतं तेलकट, काळपट झालं तर फोकस रिंगमधून बाहेर आलेलं जुनं ग्रीस. ग्रीस पुसलं तरी पुन्हा येतं. ते थांबवायला लेन्स उघडावी लागते आणि ते नवख्याचं काम नाही.

गम आधी कोरडाच अंगठ्याने चोळा, गोळ्या होऊन बराचसा निघतो. उरलेल्याला लायटरमध्ये भरायचं पेट्रोल: कापसाच्या काडीला लावा, टिश्यूवर टिपा, गमवर अर्धा मिनिट दाबून धरा, पुसा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. मागे राहणारा तेलकट थर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने जातो, पण त्याने कधीकधी लेन्सवरच्या आकड्यांचा रंगही सुटतो. आधी एखाद्या आकड्याच्या कडेला तपासा. नेलपॉलिश रिमूव्हर आणि थिनर नकोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लेन्सवर थेट थेंब सोडू नका. कधीच नाही. पुढच्या काचेभोवती धातूची रिंग असते आणि दोघींमधली फट केसाएवढी. द्रव तिथे पोचला की आपोआप आत ओढला जातो; लेन्स उलटी धरली तरी. जाताना विरघळलेला गम सोबत नेतो. मग द्रव उडून जातो आणि गम काचेच्या मागच्या अंगाला धुरकट कडं होऊन बसतो. बाहेरून कितीही पुसा, तो हलत नाही, कारण तो बाहेर नाहीच. म्हणून द्रव काडीवर, काडी टिश्यूवर, मगच लेन्सवर. काचेवर आधी ब्लोअर (धूळ उडवायचा रबरी फुगा), मग लेन्स टिश्यू मधून बाहेर गोल फिरवत, कडेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबायचं. व्हिडिओत काचेवर सरळ स्प्रे मारणाऱ्याला गुरू करू नका. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याशेजारी तासभर बसा, जास्त कळेल.

आतल्या पाकळ्यांवर (प्रकाशाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या पट्ट्यांवर) तेल दिसलं तर मात्र घाबरू नका. ४४-२ प्रीसेट आहे, म्हणजे तिच्या आठही पाकळ्या तुमच्या हाताने फिरतात, तेलाने अडत नाहीत. तिच्याच घराण्यातल्या ४४एममध्ये त्या स्प्रिंगवर चालतात. ती घेण्याआधी एफ/१६ (सर्वात लहान छिद्र) लावून लेन्सच्या मागची पिन दाबा आणि सोडा. पाकळ्या रेंगाळल्या तर दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.