डॉगफाइट शिकताय? मग या चुका टाळा

एनडीए, एएफकॅट या सैन्यप्रवेशाच्या परीक्षांची तयारी करणारी मराठवाड्यातली बरीच पोरं हल्ली सिम्युलेटरवर फायटर उडवून डॉगफाइट, म्हणजे विमानांची जवळून झुंज, खेळतात. ही आवड जपावी अशीच आहे. पण शत्रू दिसला रे दिसला की स्टिक (विमान वळवायची दांडी) पोटापर्यंत ओढायची, ही सवय आधी मोडा.

वळण फुकट मिळत नाही. 60 अंश कलून, उंची राखत वळायचं तर 2 जी लागतात (1 जी म्हणजे विमानाच्या वजनाइतका जोर). पंखांवर वजनाच्या दुप्पट भार येतो आणि स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत) सुमारे 41 टक्क्यांनी वर जातो. जितके जी खेचाल तितका ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो, वेग गळतो. ब्रेक टर्न, म्हणजे नेम चुकवण्यासाठीचं जोरकस वळण, मागच्या शत्रूने नेम धरल्यावरच घ्यावा. उगाच घेतलात, तर खरी गरज पडेल तेव्हा हाताशी वेगच नसतो.

पाठलाग करणाऱ्यांची चूक वेगळी. अंतर झपाट्याने मिटत असतानाही ते शत्रूच्या शेपटीवरच नाक रोखतात आणि सरळ त्याच्या पुढे निघून जातात. अशा वेळी हाय यो-यो करा: नाक वर घ्या, जादा वेगाची उंची करा आणि वरून पुन्हा त्याच्या मागे उतरा. मागे पडत असाल तर लो यो-यो, म्हणजे उंची मोडून वेग घ्यायचा. एकच मोठा करण्यापेक्षा दोन लहान बरे.

सगळ्यात जीवघेणी चूक स्प्लिट-एसची. लढाई सोडून पळताना विमान उलटं करून खाली अर्धा लूप घेतात. ताशी 720 किमी वेग, 4 जी, आणि वेग अजिबात वाढू दिला नाही असं धरलं, तरी 2 किमीहून जास्त उंची जाते. थ्रॉटल मागे घ्यायचं राहिलं तर त्याहून बरीच जास्त. आता समजा, समुद्रसपाटीच्या हिशेबाने लावलेला अल्टिमीटर (उंचीमापक) 2500 मीटर दाखवतोय. आकडा पुरेसा वाटतो ना? पण छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टीच 580 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या खाली उरले जेमतेम 1900. म्हैसमाळच्या डोंगराच्या बाजूला तर तेवढेही नाहीत. आधी जमिनीची उंची वजा करा, मगच उलटे व्हा.

सिझर्समध्ये, म्हणजे दोघंही आलटूनपालटून उलट वळत एकमेकांच्या मागे जायला बघतात तेव्हा, घाई नडते. मागचा तुमच्या मार्गाबाहेर फेकला जाईपर्यंत उलट वळू नका. आधी वळलात तर आपणहून त्याच्या तोफेसमोर जाल.