सरांच्या नावाचं गणित-व्याख्यान कसं ठेवावं

आधी तारीख. गणपती आणि शिमगा टाळा, पोरं गावाला पळतात. 22 डिसेंबर, म्हणजे रामानुजन जयंती, सगळ्यांनाच हवी असते. चांगला वक्ता त्या दिवशी मिळणं कठीण. मी म्हणेन 17 जानेवारी. 1905 साली याच दिवशी डहाणूला गणिती द. रा. कापरेकर जन्मले, आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस!

वक्त्याला आधीच सांगा: समोर बी.एस्सी.ची पोरं आहेत, संशोधक नाहीत. पहिली दहा मिनिटं पोरांच्या हातात पेन हवं. उदाहरणार्थ कापरेकरांचाच खेळ: 3524 घ्या. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा: 5432 – 2345 = 3087. पुन्हा 8730 – 0378 = 8352. पुन्हा 8532 – 2358 = 6174. आता 6174 वर हेच करा, तोच आकडा येतो. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही संख्या सात पायऱ्यांत इथेच पोचते. ‘का?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून आला की व्याख्यान उभं राहिलं समजा.

दीपप्रज्वलन, हार, सरांच्या आठवणी, सगळं मिळून दहा मिनिटं, बस्स. फळा मोठा हवा, खडू कोरडे. (इथल्या दमट हवेत ते डब्यात ठेवा.) प्रश्न चिठ्ठीवर मागवा; आपली पोरं माइक बघितला की गप्प होतात.