कमोडोर ६४ ला जुना ॲडाप्टर लावण्याआधी हे वाचा

कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर) चा जुना काळा ॲडाप्टर चालतोय म्हणून तसाच लावू नका, त्यातला रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) म्हातारा होऊन गेला की ५ व्होल्टचे चक्क ६-७ व्होल्ट होतात आणि आधी रॅमच्या चिपा उडतात. आत सगळं इपॉक्सीत (कडक होणाऱ्या रेझिनमध्ये) ओतलेलं असल्यामुळे दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवीनच बनवलेला बरा. ५ व्होल्ट डीसीसाठी चांगल्या कंपनीचा २-३ अँपिअरचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) घ्या, पण ९ व्होल्ट मात्र एसीच लागतात (साउंड चिप, टेपचा मोटर, घड्याळ सगळं त्यावर), म्हणून २३० ला ९ व्होल्ट, १ अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आणि त्याला फ्यूज. कॉम्प्युटरला लागणाऱ्या सात पिनी गोल डिन प्लगमध्ये ५ नंबरला ५ व्होल्ट, २ ला ग्राउंड, ६ आणि ७ ला एसी, नंबर प्लगवरच बारीक कोरलेले असतात, भिंग घेऊन बघा. आणि कॉम्प्युटरला जोडायच्या आधी ५ व्होल्टवर ३.३ ओहम १० वॅटचा रेझिस्टर लावून पंधरा मिनिटं ठेवा, हात लावू नका, चांगलाच तापतो, तेव्हा मल्टिमीटरवर ५.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अजिबात जोडायचं नाही. मेन्सची बाजू पूर्ण बंद डब्यातच हवी.