अपडेट अडलं म्हणून पार्टिशनला हात लावताय? या चुका टाळा

जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अपडेट आलं आणि कित्येक कॉम्प्युटरवर अडकलं. एरर कोडच्या शेवटी ८००७०६४३, म्हणजे मोघमपणे 'इन्स्टॉल झालं नाही'. खरं कारण वेगळंच होतं. विंडोज बिघडली तर दुरुस्तीसाठी ठेवलेल्या छोट्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग) २५० एमबी मोकळी जागा लागत होती, आणि ती नव्हती. कोड दिशाभूल करणारा आहे हे मायक्रोसॉफ्टनेही मान्य केलं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, पण अपुऱ्या रिकव्हरी पार्टिशनचं दुखणं विंडोज ११ वरही भेटतं.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो सी ड्राइव्ह साफ करण्यात. सी मध्ये शंभर जीबी रिकामे असले तरी त्यातला एक एमबीही रिकव्हरी पार्टिशनला आपोआप मिळत नाही.

दुसरी चूक म्हणजे गरज नसताना हा खटाटोप करणं. त्या अपडेटने बुजवलेली सुरक्षेतली फट बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चुकवण्याची होती, तीही कॉम्प्युटर प्रत्यक्ष हातात असणाऱ्यासाठी. तुमच्याकडे बिटलॉकर चालूच नसेल, तर असं अपडेट लपवून गप्प बसणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

करायचंच असेल तर आधी बॅकअप, आणि तो बाहेरच्या हार्ड डिस्कवर. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप इथे कामाचा नाही. बिटलॉकर असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉप चार्जिंगला लावा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि तुमच्याकडे वीज जात-येत असेल, तर आजचा दिवस जाऊ द्या.

आता खरी गडबड होते ती जागा. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'रीएजंटसी' ही कमांड 'इन्फो' लावून (reagentc /info) चालवा. रिकव्हरी कोणत्या डिस्कवर, कितव्या पार्टिशनवर आहे ते तिथे दिसतं. हे आकडे लगेच लिहून घ्या, कारण पुढच्या पायरीत 'डिसेबल' केलं की ती जागा कोरी दिसते आणि मग अंदाजपंचे सुरू होतं. डिस्कचे आकडे शून्यापासून, पार्टिशनचे एकपासून. इथेही माणसं फसतात.

'डिसेबल' ची पायरी गाळून थेट पार्टिशन उडवणं ही सगळ्यात महागडी चूक. डिसेबल केल्यावर 'विनआरई डॉट विम' ही दुरुस्तीच्या सोयीची (विनआरई) मूळ फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, रिकव्हरी या फोल्डरात परत येते. ती लपवलेली असते, तरी आहे याची खात्री करूनच पुढे जा. नाहीतर पार्टिशनबरोबर तीही जाते आणि नवं पार्टिशन रिकामं राहतं.

डिस्कपार्ट या पार्टिशन बनवायच्या-उडवायच्या कमांडमध्ये 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' टाकलं की तो 'नक्की ना?' असं विचारत नाही, आणि 'अनडू' नावाचं काही नाही. बूटसाठीचं ईएफआय पार्टिशनही छोटंच असतं. ते उडालं तर मशीन सुरूच होणार नाही. लॅपटॉप कंपनीचं काही जीबींचं स्वतःचं रिकव्हरी पार्टिशन असेल तर त्यालाही हात नको.

जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये रिकव्हरी पार्टिशन सी च्या आधी असतं. तिथे सी फक्त २५० एमबीने श्रिंक (लहान) केला तर सी च्या मागे तेवढंच नवं पार्टिशन बनतं आणि त्यात विनआरई मावत नाही. सरळ १०२४ एमबी काढा. जुनं पार्टिशन उडवल्यावर सी च्या आधी राहिलेली मोकळी जागा सी ला जोडायच्या नादी लागू नका. श्रिंक होतच नसेल तर हायबरनेशन तात्पुरतं बंद करून पाहा.

डिस्कची मांडणी जीपीटी किंवा जुनी एमबीआर असते. डिस्कपार्टच्या 'लिस्ट डिस्क' मध्ये जीपीटीखाली तारा असेल तर नव्या पार्टिशनचा लांबलचक आयडी आणि अ‍ॅट्रिब्यूट मायक्रोसॉफ्टच्या सूचनांतून जसाच्या तसा कॉपी करा. एमबीआरला आयडी २७. हे चुकलं तर ते पार्टिशन साध्या ड्राइव्हसारखं समोर येतं.

शेवटी रीएजंटसी 'इनेबल' करा आणि पुन्हा 'इन्फो' बघा. स्टेटस 'इनेबल्ड' आलं की मगच अपडेटचं 'रिट्राय' दाबा.