होडीच्या आउटबोर्ड मशीनचा कार्ब्युरेटर स्वतः कसा साफ करावा

चोक ओढलेला असेपर्यंत मशीन चालते आणि चोक आत ढकलला की बंद पडते. पूर्ण रेसवर होडी व्यवस्थित पळते, पण काठाजवळ येऊन वेग कमी केला की मशीन मान टाकते. अशी लक्षणे असतील तर कार्ब्युरेटरचा (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचा) स्लो जेट, म्हणजे संथ चालीचे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, बुजला आहे असे समजावे. याउलट संथ वेगात मशीन नीट चालते आणि रेस देताच गुदमरते, तर मेन जेट (जास्त वेगाचे पेट्रोल सोडणारा) किंवा पेट्रोलचा पुरवठा तपासावा. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल बाहेर वाहत असेल, तर बहुधा त्याच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीतली नीडल (पेट्रोल आत येणे रोखणारी सुई) नीट बसत नसते. दोष कुठे आहे हे न ओळखता सरसकट सगळे खोलून बसण्यात अर्थ नाही.

पाना हातात घेण्यापूर्वी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, नळीवरचा रबरी बल्ब दाबल्यावर कडक होतो ना आणि फिल्टरमध्ये पाणी साचलेले नाही ना, एवढे पाहावे. हवेचा स्क्रू बंद राहिल्यामुळे मशीन बंद पडते आणि त्याचे खापर कार्ब्युरेटरवर फुटते, असे पुष्कळदा घडते.

आपल्याकडे हा त्रास अधिक होतो, त्याला उन्हाळा कारणीभूत आहे. हतनूरच्या जलाशयाचे पाणी उतरले की होड्या काठावर ओढल्या जातात आणि मशीन पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात गेला की वाटीतले पेट्रोल उडून जाते आणि त्यात मिसळलेले टू-स्ट्रोक तेल तपकिरी चिकट थर होऊन मागे उरते. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतील ओलावा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो आणि वाटीच्या धातूवर पांढरी भुकटी धरते. नर्मदेच्या बुडिताकाठी, अक्राणी किंवा अक्कलकुव्याच्या बाजूला, जिथे होडी हेच येण्याजाण्याचे साधन आहे, तिथे मेकॅनिकची वाट पाहत बसणे परवडणारे नसते. म्हणून हे काम स्वतःला यावे.

प्लगची टोपी काढावी, बॅटरी असल्यास तिची तार सोडावी, पेट्रोलची नळी काढावी, लिंकेजचा (रेस-चोकच्या दांड्यांच्या जोडणीचा) फोटो घ्यावा आणि दोन बोल्ट सोडून कार्ब्युरेटर बाहेर घ्यावा. मशीनला दोन-तीन कार्ब्युरेटर असतील तर त्यांना जोडणाऱ्या दांड्यांची जुळणी बिघडवू नये आणि एका वेळी एकच कार्ब्युरेटर खोलावा. आसपास विडी-सिगारेट पेटवू नये, हे वेगळे सांगायला नको.

वाटीचे स्क्रू सोडताना मात्र घाई नको. जपानी मशीनच्या स्क्रूंची खाच साध्या स्टार स्क्रू ड्रायव्हरला पूर्णपणे जुळत नाही आणि जोर लावला की झिजते. नेमके बसणारे टोक घेऊन, वरून दाब देऊन, झटक्याने सैल करावेत. फ्लोटची (वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पिन काढून फ्लोट आणि नीडल अलग ठेवावी. नीडलच्या टोकाला गोल रिंगण उमटले असेल तर ती साफ करत बसू नये, बदलावी. रबराचे काहीही क्लीनरमध्ये बुडवू नये, कारण ते फुगते. मेन जेट काढणे, धुणे आणि परत बसवणे सोपे आहे.

खरे काम स्लो जेटचे आहे. यानेच मलाही सुरुवातीला बराच काळ दमवले होते. जेट धुऊन चकचकीत होई, पण मशीन संथ चालायला तयार नसे, कारण बुजलेला असे तो जेटच्या पुढचा मार्ग. हा जेट बहुतेक मशीनमध्ये मेन जेटच्या शेजारी एका खोल नळीत बसवलेला असतो. काहींत त्याच्यावर रबरी बूच असते, तर काहींत तो ठोकून बसवलेला असल्यामुळे निघतच नाही. तो पितळेचा असतो. खाचेच्या पूर्ण रुंदीत बसणारा चपटा स्क्रू ड्रायव्हर नसेल तर खाचेचे काठ तुटतात आणि मग जेट आत अडकून राहतो. असा ड्रायव्हर हाताशी नसेल तर काम उद्यावर ढकलावे. जेट अडकल्यावर ते फार महाग पडते.

जेट निघाल्यावर तो कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये अर्धा तास ठेवावा आणि उन्हाकडे धरून पाहावा. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे असते. ते पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसले पाहिजे. नुसता उजेड दिसला म्हणजे झाले, असे नाही. कडेला चिकटलेला अर्धचंद्राएवढा थरही मशीन बंद पाडायला पुरतो. तो काढण्यासाठी गळाचा बारीक तंगूस तिरपा कापून भोकातून फिरवावा. शिवणाची सुई, सेफ्टी पिन किंवा क्लच केबलची पोलादी तार घालण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो कदापि ऐकू नये. पितळ मऊ असते, जेटचे माप त्याच्यावर आकड्यात कोरलेले असते, आणि पोलादाने ओरखडे पडून भोक मोठे झाले की मशीन धूर ओकू लागते, प्लग काळा पडतो आणि कोणत्याही स्क्रूने ते सावरता येत नाही.

आता तो मार्ग. स्लो जेटमधून निघालेले पेट्रोल कार्ब्युरेटरच्या अंगातल्या अरुंद वाटेने जाऊन थ्रॉटलच्या (रेस कमी-जास्त करणाऱ्या) चकतीजवळच्या दोन-चार सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते, आणि त्याच वाटेवर हवेचा किंवा मिश्रणाचा स्क्रू असतो. तो स्क्रू काढण्याआधी हलकेच आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे. आवळू नये, कारण त्याचे निमुळते टोक दबले की त्याची बैठकही बिघडते. मग डोळ्यांवर चष्मा चढवूनच स्क्रूच्या भोकात क्लीनरच्या डब्याची बारीक नळी घालून फवारा मारावा, कारण तो कुठून उलटा येईल याचा नेम नसतो. थ्रॉटलजवळच्या प्रत्येक छिद्रातून स्वतंत्र धार आली पाहिजे. एका छिद्रातून जोरात आणि दुसऱ्यातून काहीच नाही, असे दिसले तर वाहते छिद्र बोटाने दाबून पुन्हा फवारावे, म्हणजे दाब बुजलेल्या छिद्राकडे वळतो. त्यानंतर जेटच्या नळीतून आणि तोंडाकडील हवेच्या भोकातूनही हाच प्रयोग करावा. सगळ्या धारा दिसेपर्यंत जुळणीला हात लावू नये.

हवा मारायला पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, पण आधी त्याच्या टाकीतले पाणी सोडायला सांगावे आणि फ्लोट बाजूला ठेवलेला असावा, कारण पोकळ फ्लोट हवेच्या दाबाने चेपू शकतो. इतके करूनही छिद्र उघडले नाही, तर सोनाराकडे दागिने धुण्याचे अल्ट्रासॉनिक यंत्र असते. जळगावात सोनारांची वानवा नाही. त्यात पाणी आणि साबणच वापरावा, पेट्रोल कधीही नाही, कारण आग लागू शकते. थिनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवणे किंवा चालू मशीनच्या तोंडावर फवारा मारून ‘साफ झाले’ म्हणणे, हे दोन्ही उपाय मी निरर्थक मानतो. पहिल्याने रबर खराब होते आणि दुसऱ्याने जेटला फवारा लागतही नाही.

अर्धवट सफाईवर समाधान मानणे टू-स्ट्रोकमध्ये विशेष धोक्याचे असते, कारण तेल पेट्रोलबरोबरच येते. मेन जेट थोडा जरी बुजलेला राहिला, तरी पूर्ण रेसवर पेट्रोलही कमी आणि तेलही कमी, आणि पिस्टन जाम होतो.

जुळणी करताना पॅकिंग नवीन घालावे. कार्ब्युरेटर उलटा धरल्यावर फ्लोटची उंची मशीनच्या पुस्तकातील मापाप्रमाणे आहे ना ते पाहावे, आणि स्क्रू टेकवून मोजलेल्या फेऱ्यांइतका मागे घ्यावा. रबरी बल्ब दाबून वाटी भरावी आणि गळती नाही याची खात्री करावी.

मशीन पाण्याशिवाय सुरू करू नये, मिनिटभरसुद्धा नाही, कारण थंड पाणी खेचणारा रबरी पंखा कोरडा फिरून जळतो. होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी पिंपात भरावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि मागच्या छिद्रातून पाण्याची धार येते ना ते पाहावे. मशीन चांगले तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून संथ चाल सर्वांत नितळ कुठे होते ते शोधावे. शेवटची जुळवणी मात्र पाण्यात, होडीवर, गिअर टाकून करावी, कारण पिंपात छान वाटणारे मशीन ओझ्याखाली बंद पडू शकते. त्या वेळी मशीन बंद करणारी सुरक्षा दोरी मनगटाला बांधलेली असावी.

हंगाम संपल्यावर पेट्रोलची नळी काढून मशीन पाण्यातच चालू ठेवावे. ते आपोआप बंद पडले की वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून तळाचे थेंबही काढून टाकावेत. वाटी नुसती मशीन चालवून पूर्ण रिकामी होत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात चिकट थर त्या उरलेल्या थेंबांचाच होतो.