मुखत्यारपत्र कामाला येत नाही तेव्हा

घरातल्या कुणाचं भान हरपलं की नातलगांचा पहिला सल्ला ठरलेला असतो: मुखत्यारपत्र करून घ्या. पण ज्याला व्यवहारच कळत नाही त्याच्याकडून घेतलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. धडधाकट असताना केलेलंही, देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 201प्रमाणे सहसा संपतं. मग करायचं काय?

आधी अडचण शरीराची की समजण्याची, ते पाहा. आजोबांना सगळं कळतंय, फक्त हात चालत नाही, तर कायदेशीर पालक, म्हणजे त्यांच्या वतीने निर्णय घेणारा माणूस, नेमायची गरजच नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार अंगठ्याचा, अगदी पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. शाखेत हे माहीत नसेल तर लेखी अर्ज द्या.

समजच नसेल, तर कारणावर वाट ठरते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर 1999चा राष्ट्रीय न्यास कायदा. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे अनेकांना बँकेच्या खिडकीवरच कळतं. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे आईवडील किंवा नातेवाइकांनी पालक नेमण्यासाठी ‘अ’ नमुन्यात अर्ज करायचा. सोबत दिव्यांगत्वाचा दाखला ठेवा. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, त्यामुळे चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयातूनच सुरू करा.

कोमा किंवा बळावलेला स्मृतिभ्रंश असेल तर वाट लांबते. 1987च्या मानसिक आरोग्य कायद्यात मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमायची सोय होती. त्याच्या जागी आलेल्या 2017च्या कायद्यात ती नाही. ही पोकळी कायदा करणाऱ्यांनी ठेवली आणि भुर्दंड कुटुंबांना पडतो. कोमातल्या रुग्णासाठी कुटुंबं संविधानाच्या अनुच्छेद 226खाली उच्च न्यायालयात याचिका करतात. दिव्यांग व्यक्तीसाठी 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 14चं मर्यादित पालकत्वही आहे, पण त्यात निर्णय तिच्याशी बोलून, मिळून घ्यायचे असतात. कोणती वाट धरायची, ते वकिलाला वैद्यकीय कागद दाखवून ठरवा. खातं, घर, शेअर, विमा यांची यादी याचिकेत नीट द्या. आदेशात एखादी गोष्ट राहिली की पुन्हा खेटे.

नेमणुकीनंतर हिशेब सुटत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. औषधांची बिलं, मदतनिसाचा पगार, सगळं ज्याच्यासाठी पालक नेमला त्याच्याच खात्यातून करा, आपल्या पैशात मिसळू नका. पालक पैसे खातोय असं वाटलं तर नातेवाईक समितीकडे त्याला हटवायचा अर्ज करू शकतात.