मायक्रोस्कोपचा आयरिस उजेड कमी करायला नसतो: कंडेन्सर लावताना या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, की दिंडोरी-निफाडकडची द्राक्षाची पानं नाशिकच्या लॅबमध्ये यायला लागतात. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी वाढ. डाऊनी की भुरी (पानांवरचे दोन वेगळे रोग), एवढंच शेतकऱ्याला खात्रीने हवं असतं, कारण गंधक भुरीवर चालतं, डाऊनीवर नाही. पांढरी वाढ खरवडून स्लाईड होते, ४०एक्स (चाळीसपट मोठं दाखवणारं भिंग) लागतं आणि दिसतात जाड काळ्या कडांचे गोळे, प्रत्येकाभोवती एक-दोन कडी. बीजाणू आहेत, हवेचे बुडबुडे आहेत की धूळ, काहीच सांगता येत नाही. मग "भिंगच खराब आहे" असं म्हणून मोकळे होतात. भिंग बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चूक स्लाईड ठेवायच्या स्टेजखाली असते, कंडेन्सरच्या, म्हणजे दिव्याचा प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाच्या, छोट्या तरफेत. ही तरफ आयरिस, म्हणजे पात्यांचं लहान-मोठं होणारं भोक, उघडते आणि मिटते.

उजेड जास्त वाटला म्हणून आयरिस बंद करणे

सगळ्यांत जास्त होणारी आणि सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. तरफ सरकवली की उजेड कमी होतो हे खरं, पण तो त्या तरफेचा उद्देश नाही. कंडेन्सर स्लाईडवर प्रकाशाचा शंकू टाकतो आणि आयरिस त्या शंकूची रुंदी ठरवतो. शंकू जितका रुंद, तितके जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दिसतात. भिंगाच्या एनएवर (न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश घेऊ शकतं, तो आकडा) हे कसं अवलंबून असतं, ते भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडलं.

आकड्यांत पाहा. नेहमीच्या ४०एक्स ऑब्जेक्टिव्हचा (स्लाईडकडच्या भिंगाचा) एनए ०.६५ असतो. आयरिस त्याच्या तीन चतुर्थांश उघडा असेल, तर हिरव्या प्रकाशात साधारण ०.६ मायक्रॉन अंतरावरचे ठिपके वेगळे दिसतात. पाव भागच उघडा असेल, तर हे अंतर ०.८ मायक्रॉनवर जातं. डाऊनीचे लिंबाच्या आकाराचे बीजाणू यापेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे ते दोन्ही वेळा दिसतील. पण ज्यावरून ओळख पटते ते बारकावे, म्हणजे काटकोनात फुटलेल्या फांद्या आणि त्यांची निमुळती टोकं, काळ्या कडांखाली झाकले जातात. भुरीचे साखळीत लागलेले लांबट बीजाणू सुटे झाले असतील, तर दोन्हींत गल्लत व्हायला वेळ लागत नाही. जिवाणू पाहायचे असतील, तर ही चूक अजिबात परवडत नाही.

उजेड दिव्याच्या नॉबने कमी करा. नॉब नसेल तर न्यूट्रल फिल्टर (रंग न बदलता उजेड कमी करणारी काच) लावा. आरशाचा मायक्रोस्कोप असेल, तर कंडेन्सरबरोबर आरशाची सपाट बाजू वापरा. अंतर्गोल बाजू कंडेन्सर नसलेल्यांसाठी असते. थेट ऊन आरशावर कधीही घेऊ नका, डोळ्याला इजा होते.

मग पूर्ण उघडाच ठेवायचा का?

नाही. पूर्ण उघडल्यावर पाण्यातली न रंगवलेली बुरशी जवळजवळ नाहीशी होते, सगळं पांढरट, धुरकट दिसतं. मधली जागा डोळ्याने शोधावी लागते आणि ती शोधायला एक पक्की रीत आहे. स्लाईड फोकस करा, एक आयपीस (डोळ्याकडचं भिंग) अलगद काढा आणि नळीतून आत पाहा. प्रकाशाची गोल चकती दिसेल. आयरिस हळूहळू बंद करत जा. त्याची कड चकतीत शिरताना दिसते. चकतीच्या व्यासाचा दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळ राहिला, की थांबा. आयपीस परत बसवा.

लॅक्टोफिनॉल कॉटन ब्ल्यूने (बुरशी निळी करणाऱ्या रंगाने) रंगवलेली स्लाईड असेल तर तीन चतुर्थांश किंवा थोडं जास्तच. रंगच कॉन्ट्रास्ट देतो. साध्या पाण्यातली स्लाईड असेल, तर अर्ध्यापर्यंत खाली या, वस्तू सापडली की पुन्हा उघडा. शोधताना एक आणि ओळखताना दुसरी, अशी सवय लावली तर निम्म्या तक्रारी मिटतात, असं माझं ठाम मत आहे.

ऑब्जेक्टिव्ह बदललं, आयरिस तसाच

४एक्सचा एनए साधारण ०.१०, १०एक्सचा ०.२५, ४०एक्सचा ०.६५, १००एक्स ऑइलचा (स्लाईडवर तेलाचा थेंब घालून वापरायच्या भिंगाचा) १.२५. १०एक्सवर दोन तृतीयांश लावून तसंच ४०एक्सवर गेलात, तर तिथे जेमतेम पाव चकती उजळते. वर सांगितलेली काळी कडी इथूनच येतात. उलट ४०एक्सवरून १०एक्सवर आलात, तर आयरिस तिथे पूर्ण उघडा ठरतो आणि चित्र फिकटतं. म्हणून रिव्हॉल्व्हर (ऑब्जेक्टिव्ह धरणारा फिरता भाग) फिरवला की तरफेला हात गेलाच पाहिजे. काही कंडेन्सरच्या कडेवर ४, १०, ४०, १०० असे आकडे कोरलेले असतात. सुरुवात तिथून करा, शेवटचा निर्णय चकती पाहून घ्या.

१००एक्सवर आयरिस जवळपास पूर्ण उघडावा लागतो. कंडेन्सर आणि स्लाईडच्या मध्ये हवा असेल, तर शंकूचा एनए १ च्या पुढे जाऊ शकत नाही, म्हणून आहे तेवढा प्रकाश वाया घालवू नका.

कंडेन्सर खाली ओढणे

तरफ सापडली नाही की लोक कंडेन्सरच खाली करतात. परिणाम तोच, शिवाय प्रकाश एकसारखा पडत नाही. त्याची जागा जवळजवळ वर, स्लाईडच्या अगदी खाली. ४एक्सवर कोपरे काळे दिसले, तरच थोडा खाली घ्या किंवा वरचं भिंग बाजूला सरकवा.

दिव्याच्या तोंडाशी दुसरा आयरिस असेल, तर तो वेगळा. १८९३ मध्ये ऑगस्ट कोहलर यांनी सांगितलेल्या पद्धतीत तो आधी लहान करतात, कंडेन्सर वर-खाली करून त्याची कड स्पष्ट करतात, स्क्रूने मध्यावर आणतात आणि कड नजरेबाहेर जाईल एवढाच उघडतात. कंडेन्सरच्या आयरिसला हात त्यानंतर.

वायनरीतली यीस्ट मोजणी

नाशिकच्या वायनरींत मिथिलीन ब्ल्यू घालून यीस्ट मोजतात: मेलेली पेशी निळी, जिवंत पेशी रंगहीन. मोजणी-स्लाईडच्या रेघा दिसाव्यात म्हणून आयरिस बंद केला जातो आणि पूर्ण मोजणी तशीच होते. बंद आयरिसमुळे जिवंत पेशींच्या कडाही गडद दिसतात आणि फिकट निळी पेशी ओळखताना घोटाळा होतो. रेघा बंद आयरिसवर शोधा, रंग उघड्या आयरिसवर ठरवा.

आयरिसचा दोष नसेल तेव्हा

सगळं बरोबर लावूनही ४०एक्सवर धूसर दिसत असेल, तर त्या भिंगाला ऑइल लागलंय का ते आधी पाहा. १००एक्सवरून परतताना हे हमखास होतं. मग स्लाईड उलटी नाही ना, एकावर एक दोन कव्हरस्लिप नाहीत ना, हे तपासा. कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची हवी. ठिपका दिसत असेल, तर आयपीस फिरवा; ठिपकाही फिरला तर धूळ आयपीसवर. स्लाईडबरोबर सरकला तर स्लाईडवर. कंडेन्सर वर-खाली केल्यावर स्पष्ट-अस्पष्ट झाला, तर कंडेन्सरवर किंवा दिव्याच्या काचेवर.

भिंग लेन्स पेपरनेच पुसा. आयरिसची तरफ जड झाली, तर पात्यांवर मशीन ऑइल सोडू नका. ते पसरून कंडेन्सरच्या भिंगावर येतं आणि पाती एकमेकांना चिकटतात. असा कंडेन्सर काढून दुरुस्तीवाल्याकडेच द्या.